तुमचे अडलेले प्रश्न आमच्या प्रबंधांना द्या

प्रति,
जलसंपदा खात्याचे आणि पेयजल खात्याचे मुख्य अभियंते,
तसंच गोवा विद्यापीठात पाणी, भूगर्भ आणि पर्यावरण हे विषय शिकवणारे विभागप्रमुख,

सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातली. भूगर्भशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि सध्या राज्याबाहेर पाणी व पर्यावरण व्यवस्थापन ह्या विषयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चवथीला घरी गेले की वाड्यावर कुणी ना कुणी विचारतंच, "पाण्यात एम.एस्सी.? म्हणजे काय, नळाचं बिल कमी करणार?" ते तर सरकारनेच २०२१ च्या सप्टेंबरपासून महिन्याला १६ हजार लीटरपर्यंत शून्यावर आणलं, त्यामुळे माझ्यासाठी काही उरलेलं नाही, असं सांगून मी सुटका करून घेते. पण खरं उत्तर थोडं लांब आहे आणि ते तुमच्यासाठी आहे, म्हणून हे पत्र.

आमच्या पदवीचा शेवटचा आणि सगळ्यात जड भाग म्हणजे प्रबंध. एक प्रश्न घ्यायचा, काही महिने मोजमापं करायची आणि उत्तर लिहून काढायचं. गोव्यातली मुलं दरवर्षी अशा पदव्या करतात, कुणी भूगर्भशास्त्रातून येतं, कुणी सिव्हिलमधून, कुणी रसायनशास्त्रातून. त्यांचे विषय कसे ठरतात माहीत आहे? जे आकडे घरबसल्या फुकट मिळतात त्यावरून. उपग्रहाची चित्रं मिळतात, म्हणून जमीनवापरातल्या बदलांवर प्रबंध होतात. शुद्धीकरण केंद्रातली नोंदवही मिळत नाही, म्हणून त्या केंद्रावर होत नाहीत. उत्तर सापडतं, पण ते कुणी विचारलेलंच नसतं. इकडे तुमच्या टेबलावर प्रश्नांचा ढीग आहे आणि ते सोडवायला तुमच्याकडे माणूस नाही.

माझी मागणी एकच. दोन्ही खात्यांनी दरवर्षी आपल्याला अडलेल्या प्रश्नांची यादी जाहीर करावी, त्या प्रश्नांच्या नोंदवह्या विद्यार्थ्यांना खुल्या कराव्यात, आणि विद्यापीठाने ते विषय प्रबंधासाठी आधीच मान्य करून ठेवावेत.

आम्ही नेमकं काय शिकतो, ते आधी सांगते, कारण "पर्यावरण" म्हटलं की खात्यांना झाडं लावणारी मुलं डोळ्यांसमोर येतात. पाऊस, वाहून जाणारं पाणी आणि मुरणारं पाणी ह्यांचा ताळेबंद, भूजल आणि पंपिंग चाचण्या, पाणी शुद्ध करणं, सांडपाणी, २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे होणारं पर्यावरणीय आघात मूल्यांकन, पाण्याचा कायदा आणि पाण्याचं अर्थशास्त्र. प्रत्येक विषय थोडा थोडा. सिव्हिलवाल्यांना ते वरवरचं वाटतं, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. पूल बांधायला आम्हाला बोलावू नका. पण विहीर का आटली हे विचारायचं असेल तर भूगर्भ, खाणीचा पंप आणि कायदा तिन्ही एकाच डोक्यात असलेलं बरं पडतं.

मला सगळ्यात आवडलं ते जार टेस्टचं प्रात्यक्षिक, म्हणजे किती तुरटीने पाणी निवळतं ते बघायचं. सहा चंचुपात्रं, प्रत्येकात एक लीटर कच्चं पाणी, वर एकाच मोटरवर फिरणारी सहा पाती. तुरटीचं द्रावण पिपेटने घालत जायचं, पहिल्या पात्रात कमी, पुढच्यात थोडं जास्त, असं शेवटपर्यंत. मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी हळू, मग पाती थांबवून बघत बसायचं. तिसऱ्या-चौथ्या पात्रात गाळाचे कण एकमेकांना धरू लागतात, पिंजलेल्या कापसासारखे पुंजके होतात आणि सावकाश तळाशी बसतात. पहिल्या पात्रात काहीच घडत नाही. शेवटच्यात तुरटी जास्त झाल्याने पाणी पुन्हा धुरकट. भारतीय मानक १०५०० म्हणतं की पिण्याच्या पाण्याची गढूळता १ एनटीयू (हे गढूळता मोजायचं एकक) असावी, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त ५. नळाशी पोचेपर्यंत मोकळं क्लोरीन लीटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहायला हवं.

आता हे प्रात्यक्षिक आम्ही केलं ते काळ्या मातीच्या मुलखातल्या पाण्यावर. जुलैत ओपा, अस्नोडा किंवा पडोसेच्या शुद्धीकरण केंद्रांवर जे लाल पाणी येतं ते जांभ्याच्या मातीचं. त्याचे कण वेगळे, त्यांचं वागणं वेगळं. मिरगाच्या पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात गढूळता किती चढते, तुरटी किती लागते, तिने पाण्याचा सामू किती उतरतो, मग चुना किती घालावा लागतो, हे सगळं तुमच्या केंद्रांवर पाळीपाळीने लिहिलं जातं. वर्षानुवर्षांच्या त्या वह्या म्हणजे तयार प्रबंध आहे. कुणीतरी त्या एका तक्त्यात उतरवून काढल्या, तर तुरटीच्या खर्चाचा अंदाज आदल्या दिवशीच्या पावसावरून बांधता येईल की नाही, एवढं तरी कळेल. नाही असं उत्तर आलं तरी हरकत नाही, तेही उत्तरच.

साळावली धरणाचंही तसंच. दक्षिण गोव्यात मँगनीजचं खनिज आहे. उन्हाळ्यात खोल जलाशयाच्या तळाशी प्राणवायू संपत आला की गाळातलं मँगनीज पाण्यात विरघळतं, पाऊस आला की वरचं-खालचं पाणी मिसळतं, हवेशी गाठ पडली की त्याचा काळपट थर धरतो. हे पुस्तकातलं. कुठल्या महिन्यात किती खोलीवरचं पाणी उचलावं म्हणजे हा त्रास कमी होईल, हे पुस्तकात नाही. ते धरणावर महिन्यातून एकदा होडी घालून, खोलीप्रमाणे नमुने घेऊनच कळेल. हे काम विद्यार्थ्याचं आहे. कार्यकारी अभियंत्याने फायली सोडून होडीत बसावं अशी अपेक्षा कुणी करणार नाही.

वर्गात एक मैत्रीण कर्नाटकातल्या हुबळीची आहे. पाण्याच्या कायद्याच्या तासाला म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा निवाडा आला तेव्हा वर्ग आमच्याकडे वळून बसला, भांडण बघायला. निवाडा १४ ऑगस्ट २०१८ चा. लवादाने खोऱ्याचं ७५ टक्के विश्वासार्हतेचं, म्हणजे चारातल्या तीन वर्षांत तरी मिळेल असं, वार्षिक पाणी १८८.०६ टीएमसी (अब्ज घनफूट) धरलं आणि कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३ टीएमसी दिलं. कर्नाटकाच्या वाट्यातलं ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी. तिन्ही राज्यं पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली. हे सगळं मांडून झाल्यावर ती म्हणाली, "तुमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बाकीचं पाणी समुद्रात जातं, आणि तरी एप्रिलमध्ये तुमच्याकडे टँकर फिरतात. मग आमच्याशी भांडता कशाला?"

प्रश्न बोचरा होता, पण चुकीचा नव्हता. "म्हादई आमची माय" हे उत्तर मला घरी पुरतं, तिथं पुरलं नसतं. समुद्रात जाणारं पाणी वाया जात नाही, हे मला माहीत आहे. म्हादई खाली येऊन मांडवी होते. तिच्यात भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. उन्हाळ्यात वरून येणारं गोडं पाणी जेवढं कमी, तेवढं खारं पाणी वर सरकणार. खांडेपार ही म्हादईचीच उपनदी, ओपाचं पाणी तिच्यातूनच उचललं जातं, आणि ते पणजीपर्यंत जातं. मग वरून किती पाणी आलं तर खाऱ्याची हद्द कुठं थांबते? मार्च ते मे दर पौर्णिमा-अमावस्येच्या भरतीला नदीत ठिकठिकाणी क्षारता मोजली आणि शेजारी गांजेला मोजलेल्या प्रवाहाचे आकडे मांडले, तर ह्याचा आलेख निघतो. समुद्रविज्ञान संस्थेने ह्या नद्यांच्या मुखांवर मोलाचं काम केलं आहे, त्यावरच पुढे बांधायचं आहे. न्यायालयात काय चाललंय ते वकील बघतील. पण हुबळीच्या मुलीला उत्तर द्यायला मला असा आलेख हवा होता.

टँकरबद्दल मात्र ती बरोबर होती. राज्याला देशात पहिल्यांदा "हर घर जल" प्रमाणपत्र मिळालं २०२२ मध्ये. नळ घरोघर आहेत, हे खरंच आहे. १६ हजार लीटर म्हणजे चौघांच्या घरात माणशी दिवसाला १३३ लीटर; मोठ्या शहरांसाठी धरला जाणारा निकष १३५ लीटरचा. म्हणजे कागदावर आम्ही पणजीसारखेच सुखी. पण वाहिनीच्या शेवटच्या टोकाला, चढावरच्या वाड्यावर, मे महिन्यात नळ सोडला की आधी हवा येते. आणि हे पावसाचं दुखणंही नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ जलवाहिन्या फुटल्या आणि भर पावसात तिसवाडी व फोंडा तालुक्यांतले नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. आकाशातून मुसळधार आणि दारात बादल्या पागोळ्याखाली. केंद्रातून किती पाणी सुटतं आणि मीटरांवर किती उमटतं ह्यातली तफावत एका पाणीपुरवठा विभागापुरती मोजणं, रात्री दोन ते चारमध्ये वाहिनीतला प्रवाह बघून गळती ओळखणं, हा दुसऱ्या सत्रातला धडा आहे. शिकलेला आहे. करून बघायला एक विभाग द्या.

खाजन जमिनींबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आमच्या पाठ्यपुस्तकात हॉलंडचे पोल्डर, म्हणजे बांध घालून पाण्यातून मिळवलेल्या जमिनी, आहेत, चित्रांसकट, आणि आमचं खाजन नाही. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन धरलं जातं. नदी आणि शेत ह्यांच्यामध्ये मातीचा, दगडाचा बांध, आणि बांधाला मानस, म्हणजे पाण्याचं दार. मानशीची फळी मी जवळून पाहिली आहे. जाड लाकूड, पाण्यात राहून काळं पडलेलं, कडेला कालवांच्या कवचांची खरखर, वरच्या बाजूला टांगलेली. भरती चढू लागली की नदीचं पाणी तिला बाहेरून दाबतं आणि ती चौकटीवर बसते, फटीतून एक बारीक चिळकांडी उडते तेवढीच. ओहोटी लागली, बाहेरचं पाणी उतरलं की आतलं पाणी तिला ढकलून उघडतं आणि शेतातलं जादा पाणी मासळीसकट बाहेर. वीज नाही, माणूस नाही, चंद्रावर चालणारं दार. गावकऱ्यांनी शतकानुशतकं चालवलेली ही व्यवस्था. पावसाच्या पहिल्या सरींनी मातीतलं मीठ धुवून जाईपर्यंत थांबायचं आणि मग कोरगुट, म्हणजे खारं सोसणारं भात, पेरायचं, हा त्यातला पीकपाठ.

आता बांध फुटतात, फळ्या बदलल्या जात नाहीत, काही ठिकाणी कोळंबीसाठी खारं पाणी आत घेऊन ठेवतात, आणि शेतकरी व मानशीचा लिलाव घेणारा ह्यांचं जुंपतं. ह्या भांडणात दोन्हीकडे आवाज आहेत, आकडा कुणाकडेच नाही. किती पाऊस झाल्यावर मातीची क्षारता कोरगुटाला झेपेल एवढी खाली येते? बांध शाबूत असलेल्या आणि फुटलेल्या खाजनात ह्यात किती फरक पडतो? हातात मावणारं क्षारतामापक, मातीचे नमुने आणि एक पावसाळा, एवढ्यावर हे काम होतं. कुडचड्याजवळचं नंदा तळं २०२२ मध्ये गोव्याचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, ह्याचा आनंद आहेच. पण पाटी लागल्यावर तळ्यात किती पाणी येतं आणि किती जातं ह्याचा ताळेबंद दरवर्षी कुणीतरी मांडायला हवा ना?

आणि आता माझ्या तालुक्याचं. लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्टे रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. आता पट्टे लिलावाने दिले जात आहेत आणि काम परत उभं राहतं आहे. खनिज पाण्याच्या पातळीच्या खाली असतं, म्हणून खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसत राहावं लागतं, आणि आसपासच्या बांवी (विहिरी) त्याच पाण्यावर असतात. हे डिचोलीत शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. बंदीच्या वर्षांत खड्डे भरले, तळी झाली. ह्या काळात बांवींची पातळी कुठं स्थिरावली, ती नोंद आत्ता झाली तरच झाली. पंप पूर्ण जोरात सुरू झाल्यावर ती संधी गेली. मग पुढे कुणी म्हणेल बांव खाणीमुळे आटली, कुणी म्हणेल कमी पावसामुळे, आणि दोघांचंही खरं-खोटं करायला काही नसेल. मोजायला लागतं काय? पोलादी टेप, तिच्या शेवटच्या हातभर भागाला फासलेला खडू, आणि कट्ट्यावर रंगाने मारलेली एक खूण, जिथून दरवेळी मोजायचं. टेप खाली सोडली की खडू जिथं भिजतो तिथवर पाणी. आजी बघत होती, म्हणाली, "हे तर दोरीला गाठ मारून आम्हीही सांगितलं असतं." सांगितलं असतं, पण तारीख घालून लिहून ठेवलं नसतं. २००२ चा भूजल नियमन कायदा राज्याला आहे. त्याच्या अंमलबजावणीलाही शेवटी ह्याच नोंदी लागणार.

प्रबंधासाठी मी एका सरकारी कार्यालयात जुन्या पातळ्यांच्या नोंदी मागायला गेले. कुठलं ते लिहीत नाही, तिथल्या माणसांना त्रास द्यायचा नाही. आधी सांगितलं, अर्ज करा. अर्ज केला तर म्हणाले, विद्यापीठाचं पत्र आणा. पत्र आणलं तर साहेब बदलले होते. मग कुणीतरी सुचवलं की माहिती अधिकारात मागा, तीस दिवसांत द्यावीच लागेल. मी मागितली नाही. त्या कायद्याबद्दल मला आदर आहे, पण ज्यांच्याबरोबर पुढे काम करायचं त्यांना पहिलीच नोटीस पाठवायची माझी इच्छा नव्हती. शेवटी एका कनिष्ठ अभियंत्याने कपाट उघडून दिलं. वह्या होत्या. काहींची पानं वाळवीने खाल्लेली, काहींतले आकडे इतके नेटके आणि एकसारखे की विहिरीजवळ न जाता लिहिलेले असावेत अशी शंका यावी. पण बऱ्याचशा खऱ्या होत्या, कुणीतरी खरंच ऊन-पावसात जाऊन घेतलेल्या. त्या कधी कुणी उघडल्या नव्हत्या, ह्याचं मला जास्त वाईट वाटलं.

तुम्ही काय म्हणाल ह्याचा अंदाज आहे. मुलं चुका करतात. करतात, म्हणून मार्गदर्शक असतो, आणि खात्याचा एक अभियंता सहमार्गदर्शक म्हणून नेमा, म्हणजे चूक छापण्याआधी सापडेल. आकडे वर्तमानपत्रात जातील. जातील, आकड्यांअभावी आता जे छापून येतं त्यापेक्षा ते बरं असेल. काही बाबी न्यायप्रविष्ट आहेत. त्या यादीतून वगळा, तुरटी आणि गळती न्यायप्रविष्ट नाही. पैसे नाहीत. आम्ही मागितलेच नाहीत. जायला-यायला खात्याच्या जीपमध्ये मागची सीट मिळाली तरी पुष्कळ.

विद्यापीठाकडे दोन गोष्टी. एक, पावसाळ्यातली मोजमापं करायची तर जून ते ऑक्टोबर मुलगी प्रत्यक्ष जागेवर असायला हवी, आणि तेव्हाच तास आणि परीक्षा ठेवल्या तर ती कुठं जाणार? पाण्याच्या पदवीचं वेळापत्रक पावसाकडे बघून आखावं लागेल. दुसरी, प्रबंध ग्रंथालयात जमा झाला की संपला, असं होऊ नये. चार पानांचं सार मराठीत किंवा कोंकणीत करून त्या गावच्या ग्रामसभेत वाचायची अट घाला. ग्रामसभेत जे प्रश्न येतात ते तोंडी परीक्षेत येत नाहीत, हे मी आमच्या पंचायतीत पाहिलेलं आहे.

नोकरीचं इथंच उरकते. तुमच्या भरतीच्या जाहिरातीत माझ्या पदवीचं नाव मला अजून दिसलेलं नाही. दिसलं तर अर्ज करीन. आज ते मागत नाही, कारण आधी आमचं काम तुमच्या उपयोगी पडतं हे तुम्हाला दिसलं पाहिजे.

यादी जानेवारीत निघाली तर मार्चपर्यंत मुलं विषय निवडतील, एप्रिल-मेची उन्हाळी मोजमापं हाती लागतील आणि मिरगाला यंत्रं तयार असतील. दहा प्रश्न पुरेत, पहिल्या वर्षी पाचही चालतील. लांबलचक प्रस्तावना नको. प्रश्न एका ओळीत लिहा, खाली नोंदवही कुठल्या उपविभागात आहे, किती सालापासूनची आहे आणि तिथं कुणाला भेटायचं, एवढं घाला. यादी दोन्ही खात्यांच्या सूचनाफलकांवर आणि विद्यापीठात एकाच दिवशी लावा, म्हणजे ओळखीपाळखीतून विषय वाटले गेले असं कुणी म्हणायला नको.

आपली,
पाणी व पर्यावरण व्यवस्थापनाची एक विद्यार्थिनी,
डिचोली, गोवा